फिकॉलच्या थरात आरबीसी (तांबड्या पेशी) येतायत, आणि गोठवलेल्या पीबीएमसी वितळवल्यावर मरतायत

प्रश्न : एमआरयू_विदर्भ

नमस्कार मंडळी. वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधन विभागात सिकलसेलचे रुग्ण आणि निरोगी व्यक्ती (कंट्रोल) यांच्या रक्तातून पीबीएमसी (लिम्फोसाइटसारख्या एकाच गोल केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या करतो आहोत. काही पेशींची लगेच फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा रंगवून एकेक पेशी लेझरने तपासणं) होते. उरलेल्या गोठवतो, म्हणजे सगळे नमुने जमले की टी-पेशींचं स्टिम्युलेशन (त्यांना उत्तेजित करून प्रतिसाद बघणं) एकदमच करता येईल.

सध्याची पद्धत अशी. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या ट्यूबमध्ये १० मिलि रक्त. ओपीडीतून सकाळी नमुने येतात, ते फ्रिजमध्ये ठेवतो आणि दुपारी चारच्या सुमारास काम सुरू होतं. रक्तात तेवढंच पीबीएस (पेशींना सोसणारा क्षारांचा द्राव) मिसळून १५ मिलिच्या दोन ट्यूबमध्ये, प्रत्येकी ३ मिलि फिकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा जड द्राव) १० मिलि, असं सोडतो. १५०० आरपीएमवर ३० मिनिटं, ब्रेक बंद. विभागात पूर्वीपासून चालत आलेल्या छापील कागदावर हेच आकडे आहेत.

अडचणी दोन आहेत. पांढरा थर नीट दिसत नाही, गुलाबी-लाल येतो आणि धुतल्यावर पेलेटही (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) लाल राहतं. दुसरी म्हणजे, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं रसायन) घालून उणे ८० ला ठेवलेल्या पेशी चार महिन्यांनी वितळवल्या, तर ट्रायपॅन ब्लूमध्ये (फक्त मेलेल्या पेशींना लागणारा रंग) जेमतेम ४५ टक्के जिवंत. नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर १ : सेंट्रिफ्यूज_आणि_पिपेट

आधी एक सांगा : कंट्रोलच्या नमुन्यांतही थर लाल येतो का, की फक्त रुग्णांच्या? कंट्रोललाही येत असेल तर दोष पद्धतीत आहे. फक्त रुग्णांना येत असेल तर कारण रक्तातच आहे आणि उपाय वेगळा.

उत्तर येईपर्यंत पद्धतीतल्या चुका सांगतो. सगळ्यात मोठी म्हणजे '१५०० आरपीएम'. आरपीएम हा त्या एका मशीनचा आकडा असतो, पेशींना कळतो तो जी-फोर्स. सूत्र असं (आरसीएफ म्हणजे जी-फोर्स) :

आरसीएफ = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएम × आरपीएम

१६ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर १५०० आरपीएम म्हणजे ४०२ जी, अगदी हवं तेवढं. तो कागद बहुधा अशाच मोठ्या मशीनसाठी लिहिला गेला असावा. तेच १५०० आरपीएम १० सेंमीच्या रोटरवर २५२ जी भरतात. तेवढ्या जोरावर ३० मिनिटांत आरबीसी पूर्ण खाली बसत नाहीत. बकेट हाताने आडवी धरून रोटरच्या मध्यापासून ट्यूबच्या तळापर्यंत पट्टीने मोजा. आणि रोटर स्विंग-आउटच (फिरताना ट्यूब आडव्या होतात असा) हवा. फिक्स्ड अँगलमध्ये थर तिरका होतो आणि थांबताना विस्कटतो.

दुसरं, तापमान. फिकॉलची घनता १.०७७ असते ती २० अंशांच्या आसपास. आरबीसी खाली जातात ते फिकॉलच्या संपर्कात एकमेकांना चिकटून जड होतात म्हणून. थंडीत हे चिकटणं मंदावतं आणि आरबीसी वरच रेंगाळतात. उलट ३७ अंशांकडे गेलात की ते इतक्या पटकन गठ्ठे करतात की लिम्फोसाइट त्यांतच अडकून खाली जातात आणि यील्ड (हाती येणाऱ्या पेशींची संख्या) पडतं. म्हणून रक्त फ्रिजमध्ये ठेवूच नका. १८ ते २२ अंशांच्या खोलीत ठेवा आणि शक्यतो आठ तासांच्या आत काम उरका. फिकॉलची बाटली तासभर आधी बाहेर काढा, उलटसुलट करून मिसळून घ्या, उजेडापासून जपा. विदर्भात मे महिन्यात 'रूम टेंपरेचर' या शब्दाला अर्थ नसतो, तेव्हा सेंट्रिफ्यूज कूलिंगचं असेल तर २० वर सेट करून दहा मिनिटं रिकामं फिरवा, मग ट्यूब ठेवा.

तिसरं, तुमच्या ट्यूबमध्ये भार जास्त आहे. १५ मिलिच्या ट्यूबमध्ये ४ मिलि फिकॉलवर ८ मिलि पातळ केलेलं रक्त बास. तुमचं २० मिलि तीन ट्यूबमध्ये विभागा. ट्यूब ४५ अंशांत कलती धरून, पिपेटचं टोक काचेला टेकवल्यासारखं भिंतीला लावून, अगदी सावकाश सोडा. फिकॉलचा पृष्ठभाग फुटला की तिथेच खेळ संपला.

थर काढताना वरचा प्लाझ्मा आधी बराचसा काढून टाका, मग पांढरा थर गोल फिरवत उचला. खालचं फिकॉल जास्त ओढू नका. ते सोबत आलं की द्राव जड होतो आणि पहिल्या वॉशमध्ये पेशी खाली बसतच नाहीत, सुपरनेटंटबरोबर (वरच्या द्रवाबरोबर) फेकल्या जातात. म्हणून पहिला वॉश किमान तिप्पट पीबीएसमध्ये, ३०० जीवर १० मिनिटं. दुसरा २०० जीवर १० मिनिटं, म्हणजे प्लेटलेट वर राहतात आणि पुढे गुठळ्या होत नाहीत. निरोगी माणसाच्या १ मिलि रक्तातून साधारण १० लाख पीबीएमसी मिळायला हव्यात.

प्रश्नकर्ता : एमआरयू_विदर्भ

मोजलं : त्रिज्या १०.५ सेंमी. कंट्रोलमध्ये थर फिकट गुलाबी येतो, रुग्णांमध्ये चांगलाच लाल.

उत्तर २ : सेंट्रिफ्यूज_आणि_पिपेट

म्हणजे तुम्ही आजवर २६४ जीवरच फिरवत होतात. १८५० आरपीएम ठेवा, ४०० जी मिळेल. कंट्रोलचा गुलाबीपणा त्याने आणि तापमान सांभाळून जाईल. रुग्णांचा पूर्ण जाणार नाही.

उत्तर ३ : हिमॅटो_लॅब

रुग्णांबद्दल मी लिहिते. सिकलसेलमध्ये आरबीसी लवकर मोडतात, म्हणून अस्थिमज्जा रेटिक्युलोसाइट (नुकत्याच तयार झालेल्या आरबीसी) आणि केंद्रक असलेल्या अपक्व आरबीसी रक्तात सोडत राहते. या पेशी पक्व आरबीसीपेक्षा हलक्या असतात, त्यामुळे १.०७७ च्या वरच थांबतात आणि लिम्फोसाइटच्या थरात मिसळतात. कितीही नीट लेअर केलं तरी येणारच.

यावर पहिला उपाय अमोनियम क्लोराइड लायसिस (आरबीसी फोडून टाकणं). एक लिटरला अमोनियम क्लोराइड ८.०२ ग्रॅम, पोटॅशियम बायकार्बोनेट १ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ३७ मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.४, गाळून निर्जंतुक. पेलेटवर ३ ते ५ मिलि, खोलीच्या तापमानाला तीन ते पाच मिनिटं, मग लगेच ट्यूब भरून पीबीएस आणि स्पिन. 'अजून थोडं लाल आहे' म्हणून दहा-पंधरा मिनिटं ठेवू नका, लिम्फोसाइटनाही त्रास होतो. आणि लायसिस करायचं तर कंट्रोललाही करायचं, त्यांचं पेलेट पांढरंशुभ्र असलं तरी. एका गटाला रसायन लागलं आणि दुसऱ्याला नाही, तर पुढे दिसणारा फरक आजाराचा की रसायनाचा हे कोण सांगणार?

केंद्रक असलेल्या आरबीसी लायसिसला सहज दाद देत नाहीत आणि मोजणीत फसवतात. टर्क द्रावात (पांढऱ्या पेशी मोजायचा द्राव) साध्या आरबीसी विरघळतात, पण या केंद्रकासकट दिसतात आणि पांढऱ्या पेशी म्हणून मोजल्या जातात. मग तुम्ही 'दहा लाख पेशी' म्हणून प्लेटमध्ये घालता, त्यात टी-पेशी बऱ्याच कमी असतात. म्हणून फ्लोमध्ये सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण) आणि सीडी२३५ए (आरबीसींची खूण) दोन्ही लावा, आणि स्टिम्युलेशनसाठी पेशींची संख्या सीडी४५ पॉझिटिव्हवरूनच धरा. फारच जास्त असतील तर सीडी२३५एच्या चुंबकीय मण्यांनी काढता येतात, पण खर्च वाढतो.

रुग्ण हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलवरचं औषध) घेत असेल तर पांढऱ्या पेशी मुळातच कमी निघू शकतात. फॉर्मवर औषध, डोस आणि शेवटचं रक्त कधी चढवलं ती तारीख लिहून घ्याच. यील्ड पडलं म्हणून जास्त रक्त काढायचा विचार मात्र करू नका. ही माणसं आधीच रक्तक्षयाची आहेत, आणि संमतीपत्रावर जेवढे मिलि लिहिलेत त्यापलीकडे एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय जाता येत नाही. पेशी साठवून पुढे वापरण्याची संमतीही त्यात स्पष्ट हवी.

उत्तर ४ : क्रायो_टाकी

गोठवण्याकडे येतो. उणे ८० ही पेशींची मुक्कामाची जागा नव्हे. तिथे बर्फाचे स्फटिक हळूहळू आकार बदलत, वाढत राहतात आणि दार उघडलं की तापमान वरखाली होतं. एक ते तीन दिवसांत व्हायल (पेशींच्या छोट्या कुप्या) द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे १३५ च्या खाली गेल्या पाहिजेत. चार महिने म्हणजे ४५ टक्के हे अपेक्षितच आहे.

गोठवतानाचा क्रम : पेशी थंड एफबीएसमध्ये (गाईच्या गर्भाच्या रक्तातला सीरम), ठरलेल्या आकारमानाच्या निम्म्यात घ्या. दुसऱ्या ट्यूबमध्ये एफबीएसमध्ये २० टक्के डीएमएसओ, तेही बर्फावर. दुसरं पहिल्यात थेंबाथेंबाने, ट्यूब हलवत. शेवटी १० टक्के डीएमएसओ आणि मिलिला ५० लाख ते १ कोटी पेशी. डीएमएसओ लागल्यापासून दहा मिनिटांत व्हायल डब्यात आणि डबा उणे ८० मध्ये. डबा आयसोप्रोपेनॉलचा, मिनिटाला साधारण एक अंश उतरणारा. त्यातलं अल्कोहोल पाच वेळा वापरल्यावर बदलतात, हे पुष्कळदा राहून जातं. थर्माकोलच्या खोक्यावर भागवता येतं, पण दर वेळी वेग सारखा येईलच असं नाही, आणि तुम्हाला तर सगळे नमुने एकमेकांशी ताडायचे आहेत.

वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात, मुगाएवढा बर्फ उरेपर्यंतच. मग १० मिलि कोमट आरपीएमआय (पेशी वाढवायचं द्रव माध्यम) अधिक १० टक्के एफबीएस, पहिला एक मिलि थेंबाथेंबाने. घाईने ओतलं की डीएमएसओ भरलेल्या पेशीत पाणी झपाट्याने शिरून ती फुटते. ३०० जी, १० मिनिटं. स्टिम्युलेशनआधी रात्रभर इन्क्युबेटरमध्ये विश्रांती द्या आणि जिवंत पेशींची मोजणी त्यानंतर पुन्हा करा. अर्धवट मेलेल्या पेशी वितळवल्या-वितळवल्या ट्रायपॅन ब्लूमध्ये जिवंतच दिसतात.

नायट्रोजनची पातळी दर आठवड्याला लाकडी पट्टी बुडवून बघायची आणि वहीत लिहायची. खिडक्या उघड्या ठेवा. एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो आणि बंद खोलीत प्राणवायू कमी पडतो. चेहऱ्यावर शील्ड हवीच.

प्रश्नकर्ता : एमआरयू_विदर्भ

मनापासून आभार. दोन शंका उरल्या. ईडीटीएऐवजी हेपरिन घ्यावं का? आणि उणे ८० मधल्या जुन्या ४० व्हायलचं काय करू?

उत्तर ५ : हिमॅटो_लॅब

टी-पेशींच्या स्टिम्युलेशनसाठी सोडियम हेपरिन बरं, कारण ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं. पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) उलट, हेपरिन एन्झाइमला अडवतं. पण मधेच बदलू नका. अर्धे नमुने ईडीटीएत आणि अर्धे हेपरिनमध्ये असले तर तुलना बिघडेल. बदलायचंच असेल तर स्टिम्युलेशनचा भाग नव्या नमुन्यांपासून सुरू करा.

उत्तर ६ : क्रायो_टाकी

जुन्या व्हायल स्टिम्युलेशनला वापरू नका. आता नायट्रोजनमध्ये हलवून झालेलं नुकसान भरून येणार नाही. डीएनए काढायला मात्र उपयोगी आहेत, बीटा-ग्लोबिन जनुकाची तपासणी त्यावर होऊ शकते. वितळवताना चिकट गोळा झाला तर तो फुटलेल्या पेशींचा डीएनए असतो. एरवी त्यावर डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरतात, इथे चुकूनही घालू नका. गोळ्यासकट थेट लायसिस बफरमध्ये घ्या.