तिकिटावरचे साडेपाच तास

अ-३०२ : नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या मध्यावर मी मुलीकडे लंडनला निघाले आहे. तिकिटावर मुंबईहून दुपारी १.३० ला सुटण्याची आणि संध्याकाळी ७ ला पोहोचण्याची वेळ छापली आहे. साडेपाच तासांत लंडन कसे येईल? एवढ्या वेळात आपली एसटी कोल्हापूरलाही पोहोचत नाही.

ब-४०१ : काकू, दोन्ही वेळा बरोबर आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या घड्याळांतल्या आहेत. त्या दिवसांत लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे तुम्ही उतराल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ११.३० वाजलेले असतील. प्रवास पूर्ण दहा तासांचा आहे.

अ-१०३ : अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ९०० च्या आसपास, म्हणजे आठ तास पुरायला हवेत. वरचे दोन तास कुठे जातात?

ब-४०१ : ७,२०० हे सरळ अंतर झाले. काल नातवाच्या पृथ्वीगोलावर मी शिवणाचा दोरा मुंबईपासून लंडनपर्यंत ताणून धरला, तर तो कराचीजवळून इराण, कॅस्पियन समुद्राचे दक्षिण टोक आणि क्रिमियावरून गेला. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली, त्यामुळे काकूंच्या विमानाला, ते भारतीय कंपनीचे असल्याने, आधी अरबी समुद्रावरूनच पश्चिमेकडे सरकावे लागते. (दिल्लीकरांना हा वळसा आपल्यापेक्षा जास्त पडतो, एवढेच समाधान.) त्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो जाताना अंगावर येतो. शिवाय छापील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. मुंबईत धावपट्टीसाठी रांगेत घालवलेली वीस मिनिटेही तिच्यातच धरलेली असतात.

अ-१०३ : म्हणजे येताना तोच वारा पाठीशी असणार.

अ-३०२ : परतीचे तिकीट नोव्हेंबरचे आहे. रात्री ८.३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला मुंबई. साडेचार तास वजा केले, तर प्रवास जातानाएवढाच, दहा तासांचा होतो. मग वाऱ्याचा फायदा कुठे दिसला?

ब-४०१ : काकू, नोव्हेंबरमध्ये साडेपाच वजा करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास मागे घेतात. म्हणून येताना नऊच तास लागतील.

अ-३०२ : आता उलगडा झाला. लेकीला भारताच्या वेळेने साडेअकराला विमानतळावर ये असे कळवले होते, ती म्हणाली, "आई, इथे मध्यरात्री कशाला?" तिला सात वाजताची वेळ कळवते, आणि धपाटे एका वेळचे नव्हे, दोन वेळचे बांधून घेते.