सायनोटाइप: पांढऱ्या जागी निळसर झाक, वाळल्यावर फिका रंग (१२ प्रिंट्स, ए३, सहा आठवडे उरलेत)

अंतिमवर्ष

नमस्कार मंडळी. फोटोग्राफीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी सायनोटाइपच्या (रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळं चित्र उमटवण्याची पद्धत) १२ प्रिंट्सची मालिका करतेय. कागद ए३, चित्र २८ × ३८ सेंमी. प्रदर्शन ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, पुण्यात.

पद्धत अशी: अ द्रावण म्हणजे फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं) २५ ग्रॅम १०० मिलीत, ब द्रावण म्हणजे पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम १०० मिलीत. दोन्ही समप्रमाणात मिसळून ब्रशने लावते. कागद ३०० जीएसएम वॉटरकलर, स्टेशनरीच्या दुकानातला. निगेटिव्ह (उलट्या छटांचं चित्र) झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंटरवर ओएचपी म्हणजे पारदर्शक शीटवर काढलेली. उन्हात १० ते २५ मिनिटं, ढगांवर अवलंबून. मग बोअरच्या पाण्यात अर्धा तास धुणं.

अडचणी तीन. जिथे स्वच्छ पांढरं हवं तिथे निळसर झाक राहते. गडद निळा ओला असताना सुंदर दिसतो, पण दोन दिवसांत करडा, मळका होतो. आणि आकाशासारख्या सपाट भागात चट्टे येतात. रसायनं बदलू का? नवी मागवायची तर आठवडा जाईल.

---

निळीशाई

रसायनं बदलू नका. तुमचं प्रमाण पारंपरिकच आहे आणि ते चालतं. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली, तेव्हापासून लोक कमीअधिक फरकाने हेच वापरतायत. दोष कागद, पाणी आणि निगेटिव्ह या तिघांत आहे. तिन्ही एकदम बदललंत तर कशाने काय सुधारलं ते कळणार नाही, म्हणून आधी दोन छोट्या चाचण्या करा.

पहिली नाण्याची. ताजा लेप दिलेल्या, पूर्ण वाळलेल्या कागदाच्या तुकड्यावर स्वच्छ पारदर्शक फिल्म ठेवा आणि तिच्यावर दहा रुपयांचं नाणं. निगेटिव्ह नको, काच नको. नेहमीइतकं ऊन द्या, धुवा. नाण्याखालचा गोल पांढराशुभ्र आला तर लेप आणि कागद ठीक आहेत, झाक निगेटिव्हमधून येतेय. गोलही निळसर आला तर लेप एक्स्पोजरच्या (ऊन देण्याच्या) आधीच बिघडलाय. कालचा लेप, दमट हवा, गरम हवेने वाळवणं, खिडकीतला उजेड यांपैकी काहीतरी कारण असणार. हीच चाचणी आदल्या दिवशी लेप दिलेल्या तुकड्यावरही करा.

दुसरी फेसाची. लिटरला १०० ग्रॅम सल्फॅमिक अॅसिडच्या द्रावणाचा एक थेंब कागदाच्या फाटलेल्या कडेवर टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे सुटले तर कागदात कॅल्शियम कार्बोनेट आहे. कागद वर्षानुवर्षं पिवळा पडू नये म्हणून उत्पादक ते मुद्दाम घालतात, आणि वॉटरकलरसाठी ते चांगलंच. पण आपला निळा म्हणजे प्रशियन ब्ल्यू, आणि त्याला कार्बोनेटसारखी अल्कली चालत नाही. ओला असताना सुंदर, दोन दिवसांत करडा, हे नेमकं त्याचं लक्षण. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं.

---

काळोखीखोली

धुण्याबद्दल. पहिल्या पाण्यात लिटरला १० ग्रॅम सायट्रिक अॅसिड घाला. वाण्याकडे लिंबूसत्व म्हणून मिळतं तेच. त्यात २–३ मिनिटं हलकेच हलवत ठेवा. मग साधं पाणी, पिवळट रंग जाईपर्यंत. ३०० जीएसएमला १०–१५ मिनिटं पुरतात. बोअरच्या पाण्यात अर्धा तास ठेवणं म्हणजे आपणच निळा विरळ करणं. नळाचं पाणी मिळत नसेल तर शेवटच्या पाण्यातही चिमूटभर लिंबूसत्व टाका. द्रावणं मात्र डिस्टिल्ड वॉटरमध्येच करा.

हायड्रोजन पेरॉक्साइड: मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ६ टक्क्यांच्या बाटलीतलं १० मिली एक लिटर पाण्यात, ३० सेकंद. गडद निळा लगेच वर येतो. हवेतल्या ऑक्सिजनने एका दिवसात तो तसाही येणारच असतो, त्यामुळे प्रिंट यानं जास्त चांगली होत नाही. पण चाचणीची पट्टी लगेच वाचता येते, आणि सहा आठवड्यांत ती सोय मोठी आहे.

चट्टे बहुधा लेपाचे. २८ × ३८ चित्राला सुमारे ५ मिली मिश्रण लागतं. ब्रश आधी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळून घ्या, म्हणजे तो स्वतःच द्रावण पीत नाही. धातूची पट्टी असलेला ब्रश टाळा. पट्टी गंजली की गडद निळे ठिपके पडतात. आडवं, मग उभं, मग पुन्हा आडवं, आणि कागदावरची ओली चकाकी जायला लागली की हात थांबवा. चकाकी गेल्यावरही ब्रश फिरवत राहिलात की तंतू उठतात, आणि तिथेच आकाशात ढग नसताना ढग दिसतात.

अ द्रावणावर बुरशीचा पापुद्रा आला असेल तर कॉफी फिल्टरमधून गाळा. द्रावण वाया जात नाही, पण पापुद्र्याचे तुकडे लेपात डाग पाडतात.

---

अंतिमवर्ष

दोन्ही चाचण्या केल्या. ताज्या लेपावर नाण्याचा गोल पूर्ण पांढरा. कालच्या लेपावर फिकट निळा, कडेला जरा जास्त. कागदातून फेस भरपूर आला. म्हणजे निगेटिव्हही दोषी, शिळा लेपही आणि कागदही?

नवा कागद घ्यावा की हाच अॅसिडमध्ये भिजवावा? आणि लेझरच्या दोन शीट एकावर एक लावल्या तर चालेल का?

---

निळीशाई

होय, तिन्ही. पण तिन्हींना उपाय आहे.

आधी हिशेब करा. १२ प्रिंट्स, प्रत्येकीला चाचणी आणि बिघाड धरून ३ कागद, म्हणजे ३६. छत्तीस लेप × ५ मिली = १८० मिली मिश्रण, म्हणजे प्रत्येक द्रावणाचं ९० मिली. तुमच्याकडे १०० मिली आहे. रसायनाची चिंता सोडा. खर्च सगळा कागदाचा आहे.

पैसे असतील तर आर्शेस प्लॅटिन किंवा हानेम्यूले प्लॅटिनम रॅग घ्या. दोन्ही याच कामासाठी बनवलेले, कॅल्शियम कार्बोनेटशिवायचे. नसतील तर आहे तो कागद भिजवा. १०० ग्रॅम सल्फॅमिक एक लिटरमध्ये, प्लॅस्टिकच्या ट्रेत, हातमोजे आणि चष्मा घालून. फेस पूर्ण थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास. मग दोन-तीन पाणी बदलून नीट धुवा आणि वाळवा. हे धुणं टाळू नका: फेरीसायनाइडचा आणि अॅसिडचा जितका कमी संबंध तितकं बरं. (फेरीसायनाइड कुठल्याही तीव्र अॅसिडमध्ये ओतायचं नाही आणि तापवायचं तर मुळीच नाही; विषारी वायू सुटतो.) भिजवण्याने कागदाचं सायझिंग (पाणी पटकन मुरू न देणारी खळ) थोडं सैल होतं, म्हणून लेप किंचित जास्त मुरेल.

हातकागद वापरायचा मोह होतो. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून आहे आणि कॉटन रॅगचा पोत निळ्याखाली फार देखणा दिसतो. पण प्रत्येक खेपेचा कागद सारखा शोषत नाही. बारा प्रिंट्सची मालिका शेजारी शेजारी टांगायची आहे, तर सगळे कागद एकाच खेपेचे घ्या आणि चाचणीचे तुकडेही त्याच खेपेचे.

लेझरच्या दोन शीट: नको. टोनरच्या थरात सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, उजेडासमोर धरून बघा. शिवाय उष्णतेने शीट किंचित आक्रसते, त्यामुळे दोन शीट्स ए३ मध्ये कडेपर्यंत जुळत नाहीत. रेखाचित्राला चालेल, छायाचित्राच्या करड्या छटांना नाही. स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्यांकडे दुधाळ रंगाची इंकजेट फिल्म मिळते, ती घ्या. फिल्मच्या लेप असलेल्या बाजूवरच प्रिंट करा. ओलं बोट टेकवलं की ती बाजू चिकट लागते.

---

पावसाळीप्रिंट

पावसाळ्यात उन्हावर मालिका करू नका. ढगाळ दिवशी पहिली आणि बारावी प्रिंट जुळवणं अशक्य आहे. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांची यूव्ही (अतिनील किरणांची) पेटी किंवा ३६५ ते ४०० नॅनोमीटरचे एलईडी फ्लडलाइट वापरा. दिवा आधी तपासा: लेप दिलेला पूर्ण ए३ कागद निगेटिव्हशिवाय नेहमीच्या निम्म्या वेळ एक्स्पोज करून धुवा. कोपरे मधल्यापेक्षा फिके आले तर दिवा उंच करा आणि वेळ वाढवा.

दमटपणा हा इथला खरा शत्रू. लेप दिल्यावर अंधारात १० मिनिटं मुरू द्या, मग हेअर ड्रायरची थंड हवा कागदाच्या मागून. गरम हवा नको, तीच झाक आणते. वाळल्यावर तासा-दोन तासांत वापरा. आज लेप आणि उद्या एक्स्पोजर हे जुलैत विसरा. तुमच्या कालच्या तुकड्यावरचा निळसर गोल हेच सांगतोय. कागद हाताच्या पाठीला थंड लागला तर तो अजून ओला आहे. तसा लावलात तर लेप निगेटिव्हला चिकटेल, शाई सुटेल आणि एक प्रिंट नाही तर निगेटिव्हच जाईल. निगेटिव्हही छापल्यावर रात्रभर वाळू द्या.

काच किमान ५ मिमी, मागे फोमची शीट. मध्यभाग धूसर आणि कडा रेखीव आल्या तर मध्ये दाब पोचत नाहीये.

---

काळोखीखोली

आता वेळ आणि कर्व्ह (फोटो सॉफ्टवेअरमधली, छटा कमीजास्त करणारी रेघ). हा क्रम उलटा करू नका.

मूळ वेळ असा काढा. लेप दिलेल्या पट्टीच्या निम्म्या भागावर कोरी फिल्म, निम्मा उघडा. ४, ६, ८, ११, १६, २२ मिनिटांचे टप्पे द्या. लिंबूसत्व, पाणी, पेरॉक्साइड, आणि पूर्ण वाळवा. ओल्यावर ठरवू नका. फिल्मखालचा निळा ज्या टप्प्यापासून आणखी गडद व्हायचा थांबतो, तो तुमचा वेळ. एक्स्पोजर चालू असताना गडद भाग आधी निळा, मग राखाडी-रुपेरी होतो. घाबरू नका, धुतल्यावर आणि वाळल्यावर निळा परत येतो. हा वेळ त्या दिव्याला, त्या फिल्मला, त्या कागदाला पक्का. पुढे प्रिंट फिकी वाटली तरी वेळ बदलायचा नाही, निगेटिव्ह बदलायची.

मग ० ते १०० टक्के, ५-५ टक्क्यांच्या २१ चौकोनांचा तक्ता. उलटा करून, आरशात दिसतो तसा फिरवून (शाईची बाजू लेपाला टेकली पाहिजे) फिल्मवर छापा, ठरलेला वेळ द्या, वाळवा, स्कॅन करा. स्कॅनरची आपोआप सुधारणा बंद ठेवा. कागदाचा पांढरा शून्य आणि सगळ्यात गडद निळा शंभर धरून प्रत्येक चौकोन मोजा. समजा ५० टक्के करडा ३० च्या चौकोनात पडलाय, तर कर्व्हमध्ये ५० ला ३० वर आणा. असे आठ-दहा बिंदू पुरतात. कर्व्ह पॉझिटिव्ह चित्रावर लावा, उलटं नंतर करा. तोच तक्ता कर्व्ह लावून पुन्हा छापा; दुसऱ्या फेरीत बहुतेक जुळतो.

पांढऱ्याचा चौकोन अजूनही निळसर आला आणि नाण्याचा गोल मात्र पांढरा असेल, तर शाई यूव्ही पुरेसं अडवत नाहीये. प्रिंटरमध्ये फिल्मऐवजी फोटो पेपरची सेटिंग निवडा, शाई जास्त पडते. उलट ५ आणि १० चे चौकोन कोरे गेले तर शाई जास्त आहे.

---

अंतिमवर्ष

खूप आभार. कागद भिजवायला घातलेत, यूव्ही पेटीची सोय झाली. शेवटचा प्रश्न: बारापैकी चार प्रिंट्स काळपट हव्यात. चहाने टोन केल्या तर पांढरा भाग तपकिरी होतो. काही मार्ग?

---

हिरडाहिराकस

चहाऐवजी हिरडा वापरून बघा. हिरड्यात टॅनिन भरपूर, आणि लोह अधिक टॅनिन म्हणजे काळा; हिरडा-हिराकशीची (हिराकस म्हणजे लोहाचा क्षार) जुनी शाई याच रसायनाची. सायनोटाइपमध्ये लोह आधीच कागदात बसलेलं आहे.

२० ग्रॅम हिरडा पूड एक लिटर पाण्यात १५ मिनिटं उकळा, थंड करा, दुहेरी मलमलीतून गाळा. प्रिंट निदान एक दिवस जुनी हवी. धुण्याचा सोडा लिटरला ३ ग्रॅम; त्यात प्रिंट निळ्याची पिवळट होऊ लागते. पूर्ण पिवळी होण्याआधी, गडद भागात थोडा निळा शिल्लक असताना काढा, ५ मिनिटं धुवा, मग काढ्यात. १० मिनिटांत निळा-काळा येतो. सोड्यात गडदपणा थोडा जातोच, म्हणून या चार प्रिंट्स मुळात दीडपट वेळ एक्स्पोज करा.

पांढरा भाग थोडा तरी रंगणारच. तो कमी हवा असेल तर केमिकलवाल्याकडून टॅनिक अॅसिड आणा, लिटरला ५ ग्रॅम. काळा जरा थंड येतो पण कागद स्वच्छ राहतो. चारही प्रिंट्स एकाच काढ्यात, एकामागोमाग करा. दुसऱ्या दिवशीचा काढा वेगळा रंग देतो.

---

निळीशाई

फ्रेमवाल्याला आधीच सांगा: माउंट बोर्ड अल्कलीयुक्त नको. संग्रहालयं बाकीच्या चित्रांना तसा बोर्ड मुद्दाम वापरतात, म्हणून दुकानदार चांगला समजून तोच देईल. काच आणि प्रिंटमध्ये ३ मिमी अंतर ठेवा. प्रिंट वरच्या कडेलाच, जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगा. सेलोटेप, फेव्हिकॉल नको. दालनात नुकताच चुना मारलेली भिंत असेल तर ती टाळा, आणि खिडकीसमोरची भिंतही.

प्रशियन ब्ल्यू तीव्र उजेडात फिका पडतो आणि अंधारात, हवा लागती ठेवली की बराचसा परत येतो. तेव्हा प्रदर्शनाआधीचे दिवस प्रिंट्स फाइलीत दाबून न ठेवता, अंधाऱ्या कपाटात साध्या, अल्कली नसलेल्या कागदांच्या मध्ये मोकळ्या ठेवा. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने कागदाची खेप, लेपाची तारीख आणि वेळ लिहा. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एखादीची काच फुटली तर ती प्रिंट पुन्हा काढायला हीच नोंद लागेल.