लिनक्स मिंटवर संध्याकाळी वायफाय तुटते; ड्रायव्हर बदलावा का?

प्रश्न – यावल तालुका

नमस्कार. केळीच्या टिश्यू कल्चर रोपांच्या विक्रीचा हिशेब मी घरच्या डेस्कटॉपवर ठेवते. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. घर जुने, धाब्याचे आहे. राउटर ओसरीत आणि संगणक माजघरात असून, वायफायसाठी कॅबिनेटच्या मागे रिअलटेक चिपचा छोटा यूएसबी डोंगल लावला आहे. सकाळी इंटरनेट नीट चालते, पण संध्याकाळी दर पाच-दहा मिनिटांनी जोडणी तुटते, पासवर्ड पुन्हा विचारला जातो आणि अचूक पासवर्ड देऊनही तो स्वीकारला जात नाही. त्याच वेळी माजघरातच मोबाइलवर इंटरनेट चालू असते. डोंगल विकणाऱ्यांनी "लिनक्सवर हे चालायचे नाही, विंडोज टाका" असे सांगून हात वर केले. मृग बागेच्या रोपांची नोंदणी ऐन भरात आहे आणि दोनदा सिस्टीम नव्याने टाकूनही फरक पडलेला नाही. डोंगल चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, बदलू का?

उत्तर – भुसावळ

ताई, ड्रायव्हरला इतक्यात हात लावू नका. सकाळभर जोडणी टिकते, याचा अर्थ ड्रायव्हर आणि फर्मवेअर (डोंगलच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) दोन्ही लागलेले आहेत. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' या आज्ञेने येणाऱ्या यूएसबी उपकरणांच्या यादीत डोंगल दिसतो का आणि वायरलेस बंद आहे का ते दाखवणाऱ्या 'आरएफकिल लिस्ट'मध्ये तो कुठे अडवलेला नाही ना, एवढे एकदा पाहून घ्या. खरी माहिती सिस्टीमच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये मिळेल. जोडणी तुटल्याबरोबर ती आज्ञा द्या आणि शेवटच्या ओळी वाचा: 'यूएसबी डिस्कनेक्ट' असे लिहिलेले असेल तर डोंगलच पोर्टवरून सुटतो आहे, म्हणजे वीजपुरवठा किंवा पोर्ट तपासावा लागेल, 'ऑथेंटिकेशन टाइम्ड आउट' असे असेल तर डोंगल जागेवर आहे, पण राउटरशी त्याचे बोलणे पूर्ण होत नाही. अशा वेळी नेटवर्क मॅनेजर (जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) पासवर्ड चुकल्याचे गृहीत धरून तो पुन्हा मागतो, त्यामुळे पासवर्डबद्दल शंका धरू नका.

उत्तर – धुळे

पॉवर सेव्ह, म्हणजे वायफायची वीजबचत, हेही पाहावे. नेटवर्क मॅनेजरच्या 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरमध्ये वायफाय पॉवरसेव्हची फाइल असते. तिच्यातील ३ हा आकडा २ केला आणि सेवा पुन्हा सुरू केली की बचत बंद होते. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडचा असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जोडणे अधिक चांगले.

प्रश्नकर्ती

'यूएसबी डिस्कनेक्ट' कुठेही नाही, 'टाइम्ड आउट' मात्र तीनदा आले. पॉवर सेव्ह बंद केले, पण काल संध्याकाळी पुन्हा तेच झाले. ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क माजघरात दिसतच नाही.

उत्तर – भुसावळ

ते दिसणारही नाही. धाब्याच्या घराच्या दोन फुटी मातीच्या भिंतीत ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ पेक्षा लवकर विरते. तुम्ही २.४ वरच राहा. आता एक नेमके सांगा: संध्याकाळी संगणकाला असे काय जोडलेले असते, जे सकाळी नसते?

प्रश्नकर्ती

हिशेबाचा बॅकअप घेण्यासाठी बाहेरची हार्ड डिस्क जोडते. ती डोंगलच्या शेजारच्याच निळ्या पोर्टमध्ये असते.

उत्तर – भुसावळ

मग दोष तिथेच असण्याची दाट शक्यता आहे. निळा पोर्ट यूएसबी ३ चा असतो; यूएसबी ३ मधून डेटा वाहत असताना पोर्ट, केबल आणि डिस्क यांतून २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ साली याविषयी तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. तुमचा डोंगल त्या गोंगाटाच्या कानाशी बसला आहे आणि वर पत्र्याचे कॅबिनेट त्याच्या व राउटरच्या मध्ये उभे आहे. दीड मीटरची साधी यूएसबी २ एक्स्टेन्शन केबल काळ्या (यूएसबी २ च्या) पोर्टला लावून डोंगल कॅबिनेटपासून दूर, उंचावर न्या. त्याआधी आणि त्यानंतर, डिस्कवर कॉपी चालू ठेवून, वायफायची माहिती देणाऱ्या 'आयडब्ल्यू' आज्ञेने सिग्नलचा आकडा पाहा. तो उणे असतो; शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. मात्र शेजारचा गोंगाट या आकड्यात थेट दिसत नाही, म्हणून जोडणी किती वेळ टिकते हेही घड्याळ लावून मोजा.

प्रश्नकर्ती

केबल आणली आणि डोंगल ओसरीच्या दाराकडच्या कोनाड्यात ठेवला. आधी सिग्नल उणे ७९ होता, आता उणे ६१ आहे. काल ४० मिनिटे बॅकअप चालू ठेवून नोंदणीचे अर्ज भरले; जोडणी एकदाही तुटली नाही. नंतर मुद्दाम डोंगल जुन्या पोर्टला लावून कॉपी सुरू केली, तर सातव्या मिनिटाला पासवर्डची खिडकी उघडली. पॉवर सेव्ह पुन्हा ३ वर आणून कोनाड्यातून तपासले, तेव्हाही जोडणी टिकली. त्यामुळे ती फाइल मूळ स्थितीतच ठेवली आहे. भाऊ, मनापासून आभार. विंडोज टाकण्यासाठी संगणक उद्या जळगावला न्यायचे ठरले होते, ते रद्द केले.