अनुभव धागा: सर्व्हिसिंगहून गाडी आली, टायरची हवा कोणी पाहिली?

नाशिक

गेल्या पावसाळ्यात गाडीची तीस हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग झाली. संध्याकाळी गाडी घरपोच आली, अगदी चकाचक. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन इगतपुरीला निघाले. पाथर्डी फाटा सोडला आणि गाडी जरा वेगळीच चालतेय असं वाटायला लागलं. एरवी न जाणवणारे खड्डे थेट पाठीत बसत होते. आईला मणक्याचा त्रास आहे. ती मागून म्हणाली, "अगं, कालच दुरुस्त करून आणलीस ना?" वाडीवऱ्हेच्या पुढे समोरच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. मीही मारला, आणि ओल्या रस्त्यावर गाडी घसरतच गेली. टेम्पोच्या मागे वीतभर अंतर ठेवून थांबली. हातपाय गार पडले होते.

घोटीत पंक्चरवाल्याने गेज लावून हवेचा दाब मोजला, पीएसआय या मापात: 44, 43, 44, 45. ड्रायव्हरच्या दाराआडच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावर लिहिलंय 33. गाडी चालून आलेली होती, टायर गरम होऊन दाब वाढतो म्हणून तीन-चार पीएसआय सोडून द्या, तरी थंड टायरमध्ये चाळीस होतेच. आणि जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या कामांच्या यादीवर, "टायर प्रेशर" समोर बरोबरची खूण! त्या खुणेचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून हा धागा काढतेय. सर्व्हिसिंगनंतर तुमच्या गाडीत हवा किती निघाली? आकड्यांसकट लिहा. पुढे काय केलंत तेही सांगा.

ठाणे

आमच्याकडे उलटं. पुढे 36, मागे 30. टायर पुढचे मागे, मागचे पुढे केले होते, पण हवा तशीच ठेवली. आमच्या गाडीला पुढे आणि मागे वेगळा दाब सांगितलाय, त्यामुळे चारही चाकांचा आकडा चुकला. घोडबंदर रोडला वळणावर मागची बाजू सैल वाटायची, मी महिनाभर सस्पेन्शनला दोष देत होतो. टायर फिरवून घेतले असतील तर त्याच दिवशी हवा तपासा.

पिंपरी-चिंचवड

मी एकोणतीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, आता निवृत्त आहे. आतून हे कसं घडतं ते सांगतो.

दिवसाला तीस-चाळीस गाड्या येतात. वॉशिंगहून गाडी बाहेर आली की एक मुलगा कंप्रेसरची नळी घेऊन फिरतो. त्याच्या डोक्यात एकच आकडा असतो, पस्तीस म्हणा, आणि तो छोट्या हॅचबॅकलाही तोच भरतो, सात सीटरलाही तोच. दारावरचं स्टिकर वाचायला त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. वर भीती अशी, की हवा कमी निघाली तर गिऱ्हाईक भांडेल. जास्त भरली तर सहसा कोणी काही बोलत नाही. म्हणून हात वरच्या बाजूलाच जातो. काही वेळा ट्रायल मारून आलेल्या गरम टायरमध्ये बरोबर 33 करतात. रात्री टायर गार झाला की तोच आकडा 29-30 वर येतो.

नव्या गाडीची गोष्ट निराळी. ती कारखान्यातून ट्रेलरवर येते, मग यार्डात उभी राहते. टायर एका जागी चपटा होऊ नये म्हणून हवा मुद्दाम जास्त भरलेली असते. ताब्यात देण्याआधी ती स्टिकरप्रमाणे करायची असते, पण दसरा-पाडव्याच्या घाईत राहून जाते. नवी गाडी कडक वाटली तर आधी हवा बघा.

आणि टायरच्या कडेवर 44 किंवा 51 असा जो मोठा आकडा असतो, तो कमाल दाबाचा असतो. तेवढी हवा भरायची नसते. ही चूक मी शिकलेल्या माणसांकडूनही पाहिली आहे.

नागपूर

आमच्याकडे वेगळीच समजूत आहे. उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून आधीच कमी ठेवायची. माझे वडील सर्व्हिसिंगवाल्याला बजावून सांगायचे, "अठ्ठावीसच ठेव." आणि तो ठेवायचा. दोन उन्हाळ्यांत टायरच्या दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी तशीच राहिली. टायरवाल्याने बोट फिरवून दाखवलं, "काका, कमी हवेवर चालवलीय." जास्त हवेवर चालवली की याच्या उलट होतं, मधला पट्टा आधी जातो.

पारा दहा अंश चढला की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, चालल्यावर दाब वाढणार हे धरूनच दिलेला. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्यातून उष्णता तयार होते, आणि खरा धोका तिथून आहे. समृद्धी महामार्गावर कारला 120 चा वेग आहे, खाली सिमेंट काँक्रीट, मे महिन्यात बाहेर 45 अंश. शिर्डीपर्यंत पाचशेवीस किलोमीटर. अशा प्रवासाआधी मी सकाळी सहाला, गाडी जागची हलवायच्या आधी, चारही चाकं तपासतो. वाटेत थांबल्यावर गेज लावून आकडा वाढलेला दिसला तरी हवा सोडत नाही. वडिलांना हे पटायला तीन वर्षं लागली.

कुडाळ

स्टेपनीबद्दल कोणीच लिहिलं नाही! आंबोली घाटात रात्री नऊला टायर गेला. धुकं, पाऊस, बरोबर दोन लहान मुलं. स्टेपनी काढली तर ती दाबल्यावर आत जात होती. तीनच आठवड्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालं होतं, पण स्टेपनीला कोणी हात लावलेला दिसत नव्हता. सावंतवाडीकडे निघालेल्या एका ट्रकवाल्या दादांनी थांबून हवा भरून दिली. त्यांचे उपकार विसरणार नाही.

त्यानंतर कळलं की आमची स्टेपनी बारीक चाकाची आहे, तिला 60 पीएसआय लागतात आणि ती लावून ऐंशीच्या वर जायचं नसतं. हे तिच्यावरच लिहिलेलं होतं, आम्हीच कधी वाचलं नव्हतं. गाडी परत घेताना आता मी डिकी उघडायला लावते.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

इथे यासाठी नियमच आहे. सप्टेंबर 2010 पासून कॅलिफोर्नियात गाडी कुठल्याही सर्व्हिस-दुरुस्तीला गेली की टायरचा दाब तपासून तो शिफारशीप्रमाणे करून देणं वर्कशॉपवर बंधनकारक आहे, आणि तसं बिलावर लिहावं लागतं. गेज दोन पीएसआयपेक्षा जास्त चुकणारं चालत नाही. माझ्या बिलावर चारही चाकांचे आकडे असतात. तरीही एकदा चारही ठिकाणी 35 लिहिलेलं होतं आणि घरी सकाळी 31 निघाले. फोन केला. बिल समोर होतं, त्यामुळे हुज्जत न घालता लगेच बोलावून दुरुस्त करून दिलं. तिकडेही आकडा लिहून मागा. नुसती खूण घेऊ नका.

कोल्हापूर

हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी. दिवा दोन प्रकारचा असतो. एकात चाकाच्या आत सेन्सर असतो आणि तो दाब मोजतो. दुसऱ्यात दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त फिरतं, तो फरक एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून ओळखला जातो. रीसेट केल्यावर ती यंत्रणा त्या वेळची हवा बरोबर धरून चालते. माझ्या गाडीत 27 हवा असताना वर्कशॉपमध्ये रीसेटचं बटण दाबलं गेलं. मग दिवा कशाला लागेल? दोन महिने तशीच चालवली. आधी हवा, मग रीसेट, हा क्रम पाळा.

नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडा लिहून मागायचं मी लगेच केलं. परवा गाडी टाकताना जॉब कार्डावर स्वतः लिहिलं: "चारही 33, थंड टायर, स्टेपनीसकट." ॲडव्हायझरने वाचून सही केली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी 33, 33, 32, 33. स्टेपनी मात्र 24!

पिंपरीच्या काकांना एक विचारायचंय. घरचं डिजिटल गेज आणि पंपावरचं मशीन यांत तीनचा फरक येतो, शिवाय पंप चार किलोमीटर लांब. तिथे पोचेपर्यंत टायर गरम होतो. मग किती भरायची?

पिंपरी-चिंचवड

ताई, सकाळी घरी मोजा आणि किती कमी आहे तेवढंच लिहून घ्या. समजा 29 निघाली, म्हणजे चार कमी. पंपावरचं मशीन त्या वेळी कितीही दाखवो, 34 दाखवलं तर 38 लावायला सांगा. मशीन चुकीचं असलं किंवा टायर गरम असला तरी चारची भर चारचीच पडते, उन्नीस-बीस सोडून द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घरचं गेज लावा. ते गेज एकदा चांगल्या टायरच्या दुकानातल्या गेजशी ताडून घ्या, आणि मग दरवेळी तेच वापरा. व्हॉल्व्हची टोपणं परत बसवली का तेही पाहा, हवा भरणारी मुलं ती तिथेच विसरतात.