दोन केबल, दोन व्हीलॅन, पण कॅमेरे बंद : एसटीपी कुठे आडवं येतंय?

मकरपुरा_आयटी
बडोदा, मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत). सर्व्हर रूम ते मागची शेड अशा दोन केबल आहेत. दोन्हीकडे २४ पोर्टचे मॅनेज्ड स्विच, आरएसटीपी (जाळ्यातले लूप अडवणाऱ्या एसटीपीची वेगवान आवृत्ती) चालू. पोर्ट २३ वर टॅग्ड (नंबराची चिठ्ठी लावलेली) व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचमधलं वेगळं आभासी जाळं, १० (बिलिंग), पोर्ट २४ वर टॅग्ड व्हीलॅन २० (शेडमधले कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर सर्व्हर रूममध्ये). व्हीलॅन १ दोन्ही पोर्टवर अनटॅग्ड, जशी कंपनीतून आली तशीच. १० व्यवस्थित चालते, २० वर साधा पिंगही जात नाही. २३ ची केबल काढली की कॅमेरे लगेच दिसतात, पण बिलिंग बंद. हीच मांडणी दोन सिस्को स्विचमध्ये नीट चालते. एसटीपी बंद करून टाकू का?

ट्रंकपोर्ट
दादा, एसटीपीला हात लावू नका. निदान तुमच्याच वाक्यात आहे: एक केबल काढली की दुसरी जिवंत होते.

आरएसटीपी व्हीलॅन बघतच नाही. अख्ख्या स्विचसाठी त्याचं एकच झाड असतं. त्याच्या दृष्टीने दोन स्विचमध्ये दोन समांतर तारा म्हणजे लूप (डेटा गोल फिरत राहील अशी वाट), म्हणून तो एक अडवतो. खर्च (तारेच्या वेगावरून ठरणारा आकडा) सारखा असेल तर रूटकडच्या (झाडाचं मूळ ठरलेल्या स्विचवरच्या) ज्या पोर्टचा नंबर लहान, ती तार चालू राहते. म्हणजे २३ चालू, २४ बंद. आणि व्हीलॅन २० ला २४ शिवाय वाटच नाही. पोर्टचा दिवा पाहून हे कळत नाही, कारण लिंक असतेच. रूट नसलेल्या स्विचवर एसटीपीचं पान उघडा, २४ समोर रोल ‘ऑल्टरनेट’ (राखीव) आणि स्टेट ‘डिस्कार्डिंग’ (अडवलेला) दिसेल.

एसटीपी बंद केलंत तर १० आणि २० चालतील, पण व्हीलॅन १ दोन्ही तारांवर आहे. तिथे खरा लूप होईल आणि ब्रॉडकास्टच्या (सगळ्यांना जाणाऱ्या निरोपांच्या) पुरात दोन्ही स्विच गुदमरतील.

उपाय: दोन्ही तारा एलएसीपीने (अनेक तारांची मिळून एक तार करणारा प्रोटोकॉल) एकत्र बांधा आणि त्या जोडीवर १० व २० दोन्ही टॅग्ड द्या. एसटीपीला मग एकच तार दिसते, अडवायला काही उरत नाही. आधी २४ ची केबल काढा. मग लॅपटॉप घेऊन शेडमध्ये जा आणि लांबचं टोक आधी बदला. सर्व्हर रूममध्ये बसून केलंत तर अर्ध्यात संपर्क तुटेल. दोन्ही टोकांना एलएसीपी ‘ॲक्टिव्ह’ ठेवा. एका टोकाला स्टॅटिक (एलएसीपीशिवाय बांधलेली जोडी) आणि दुसऱ्याला एलएसीपी असं करू नका. दोन्ही पोर्टचा वेग सारखा हवा. कॉन्फिग सेव्ह झाल्यावरच २४ परत लावा.

मकरपुरा_आयटी
२४ समोर ‘डिस्कार्डिंग’च आहे! मग सिस्कोवर का चालतं? गेटवर एक सिस्को स्विच यायचा आहे, म्हणून विचारतो.

रूटब्रिज_इंदूर
सिस्को मुळात पीव्हीएसटी चालवतो, म्हणजे प्रत्येक व्हीलॅनचं झाड वेगळं. व्हीलॅन २० च्या झाडाला २४ ही एकच तार दिसते, मग अडवणार कशाला? तिथे व्हीलॅन २० ची प्रायॉरिटी (रूट निवडायचा आकडा, लहान तो जिंकतो) ३२७८८ दिसली तर दचकू नका, ३२७६८ मध्ये व्हीलॅनचा नंबर मिळवलेला असतो.

पण पीव्हीएसटीचे बीपीडीयू (झाड ठरवायला स्विच एकमेकांना पाठवतात ते निरोप) सिस्कोच्या स्वतःच्या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना जाणाऱ्या) पत्त्यावर जातात. तुमचे स्विच ते साधं मल्टिकास्ट समजून त्या व्हीलॅनमध्ये पसरवून देतात. दोघांची समजूत जुळते ती फक्त व्हीलॅन १ पुरती, कारण तिचे बीपीडीयू प्रमाणित पत्त्यावरही जातात. म्हणून मिश्र जाळ्यात तिन्ही स्विच एमएसटीपीवर आणा, त्यात व्हीलॅनच्या प्रत्येक गटाला (इन्स्टन्सला) एक झाड मिळतं. रीजनचं (सारखी मांडणी असलेल्या स्विचच्या गटाचं) नाव (लहान-मोठी अक्षरंसुद्धा), रिव्हिजन नंबर आणि कुठली व्हीलॅन कुठल्या इन्स्टन्समध्ये, हे तिन्हीकडे तंतोतंत सारखं हवं. एक व्हीलॅन इकडची तिकडे झाली तरी डायजेस्ट (या यादीवरून काढलेला आकडा) बदलतो, स्विच वेगळ्या रीजनचा ठरतो आणि सीमेवर फक्त इन्स्टन्स ० चा निर्णय चालतो.

एमएसटीपीतही प्रत्येक ट्रंकवर (स्विच ते स्विच तारेवर) सगळ्या व्हीलॅन द्या. एका इन्स्टन्समधली एखादी व्हीलॅन ट्रंकवरून वगळलीत की आजचाच घोळ पुन्हा होतो, आणि तो शोधायला जास्त अवघड जातो.

रूटही हाताने ठरवा. सर्व्हर रूमच्या स्विचला प्रायॉरिटी ४०९६ द्या (आकडा ४०९६ च्या पटीतच चालतो). सगळे ३२७६८ वर राहिले तर ज्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा कारखान्यातला पत्ता) लहान तो रूट होतो, आणि तो बरेचदा कोपऱ्यातला सर्वांत जुना स्विच निघतो.

ट्रंकपोर्ट
वरच्यात भर: कॅमेऱ्यांचे पोर्ट ‘एज’ (पुढे स्विच नाही असे) करा आणि बीपीडीयू गार्ड (बीपीडीयू आला की पोर्ट बंद करणारा) लावा. एज नसेल तर कॅमेरा रीस्टार्ट झाला की पोर्ट १५ अधिक १५ असे ३० सेकंद थांबतो, शिवाय टोपोलॉजी बदलल्याची सूचना जाऊन मॅक टेबल (कोण कुठल्या पोर्टवर त्याची यादी) पुसलं जातं. बीपीडीयू फिल्टर (बीपीडीयूच थांबवणारा) मात्र लावू नका, कोणी चुकून दोन सॉकेट एकमेकांना जोडले तर लूप पकडायला काही उरत नाही.

आणि शेड वेगळ्या इमारतीत असेल तर तांब्याऐवजी फायबर टाका. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, पावसाळ्यात वीज कडाडली की पोर्ट जळतात.