काकू, डिलीट करू नकोस, थांब

काकू: गेट टुगेदरचे फोटो बघून झाले एकदाचे. ६१२ होते. त्यातले ८७ उडवले, सगळे ब्लर आलेत. ताई रागवू नकोस पण तुझ्या त्या नव्या कॅमेऱ्यात काहीतरी गडबड आहे बघ

ताई: ८७???

ताई: काकू ब्लर म्हणजे कसे? हललेले की फोकस गेलेला?

काकू: ते मला नाही कळत गं. उघडला की पुसट दिसतो, मग डिलीट दाबायचं आणि पुढचा. काही काही तर आडवेच आलेत

दादा: काकू थांब जरा. एकेक फोटो किती वेळ बघत होतीस?

काकू: किती वेळ म्हणजे काय रे. ६१२ फोटो, एकेकाला ओवाळत बसू का

दादा: म्हणजे उघडला, पुसट दिसला, लगेच डिलीट. असंच ना?

काकू: हो मग

ताई: देवा

दादा: अगं काकू तो फोटो पुसट नव्हता, तो अजून उघडतच होता. तू जे बघितलंस तो फोटोच नव्हे. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये एक इटुकली कॉपी पण ठेवून देतो, बहुतेक वेळा १६० बाय १२० पिक्सेलची, फोल्डरमध्ये छोटी चित्रं पटकन दिसावीत म्हणून. बरेच फोटो बघायचे प्रोग्राम काय करतात, मोठा फोटो तयार होईपर्यंत स्क्रीन काळी दिसू नये म्हणून तीच इटुकली ताणून पूर्ण स्क्रीनभर दाखवतात. १६० चं १६२० केलं की दुसरं काय दिसणार, धुकंच. अर्धा सेकंद, एक सेकंद गेला की खरा फोटो त्या जागी येतो. तू त्या अर्ध्या सेकंदातच निकाल लावून मोकळी झालीस

काकू: मग मेलं आधी दाखवतंच कशाला ते

मामा: रॅम कमी असेल. रॅम वाढवा, सगळं सरळ होतं

दादा: मामा रॅम आहे रे भरपूर. इथे वेळ जातोय तो फोटो उलगडण्यात. ताईचा कॅमेरा २४ मेगापिक्सेल, म्हणजे ६००० बाय ४०००. डिस्कवर फाईल ९ एमबीची दिसते पण ती घडी घातलेली असते, उलगडली की प्रत्येक पिक्सेलला ३ बाईट धरून ७२ एमबी होते. ती उलगडायचं काम प्रोसेसरचं. आणि काकू तू बघत कुठून होतीस, लॅपटॉपवर कॉपी केलेस का फोटो?

काकू: नाही, पेन ड्राइव्ह लावला आणि तिथूनच

दादा: झालं. म्हणजे आधी पेन ड्राइव्हवरून फाईल वाचायची, जुना असेल तर सेकंदाला ३० एमबी वगैरे, मग उलगडायची. दोन्ही मिळून तो धुक्याचा वेळ वाढतो

ताई: पण दादा एक नाही कळलं. असं असेल तर ६१२ च्या ६१२ पुसट दिसायला हवे होते ना. ५२५ कसे वाचले?

दादा: थांब, विचार करू दे

वहिनी: मी मधेच विचारते, त्या ८७ मध्ये आमचा पायऱ्यांवरचा ग्रुप फोटो पण गेला का?

काकू: पायऱ्यांवरचे तर सगळेच पुसट होते गं, जवळजवळ सगळेच गेले

वहिनी: छान

मामा: रीसायकल बिनमध्ये असतील की, काढा बाहेर. हाय काय नाय काय

छोटू: पेन ड्राइव्हला रीसायकल बिन नसतो मामा. तिथून डिलीट केलं की डायरेक्ट गेलं

ताई: कार्ड मी फॉरमॅट केलं नव्हतं बहुतेक. बहुतेक. कॅमेऱ्याच्या बॅगेत आहे, बॅग वहिनीकडे राहिलीय. वहिनी बघतेस का प्लीज, पुढच्या छोट्या चेनमध्ये. आणि काकू आता पेन ड्राइव्हला हात लावू नकोस, त्यावर नवीन काही कॉपी करू नकोस

काकू: लॅपटॉपच बंद केलाय मी, घाबरवू नका

दादा: ताई सापडलं बहुतेक उत्तर. हे प्रोग्राम आगाऊ तयारी करतात, तू एक फोटो बघत असतेस तेव्हा मागच्या मागे पुढचा फोटो उलगडून ठेवतात. म्हणजे काकू एखाद्या फोटोवर रेंगाळली, दोन सेकंद कोण कुठे उभंय बघत बसली, की तेवढ्यात पुढचा तयार, तो लगेच क्लिअर दिसणार. पण एकदा का पुसट दिसला आणि तिने झटकन डिलीट दाबलं की पुढच्याला तयार व्हायला वेळच मिळाला नाही, मग तोही पुसट, तोही डिलीट, की त्याच्या पुढचाही पुसट. म्हणजे एकदा घसरगुंडी सुरू झाली की सलग जाणार. कार्ड मिळालं की नंबर बघ, माझा अंदाज आहे की गेलेले फोटो इकडे तिकडे विखुरलेले नसतील, ओळीने गेले असतील

काकू: अरे हो! मला वाटलंच होतं की एवढे एका मागोमाग कसे खराब आले. म्हटलं त्या वेळी ताईचा हात हलत असेल

ताई: माझा हात

काकू: आणि ते आडवे आलेले?

दादा: तेही तेच. कॅमेरा उभा धरून काढलास तरी आत फोटो आडवाच साठवला जातो, सोबत एक खूण असते की दाखवताना फिरवून दाखवा. काही प्रोग्राम त्या इटुकलीला दाखवताना ती खूण बघतच नाहीत, मोठा फोटो आला की मग फिरवतात. म्हणून आधी आडवा आणि मग टुणकन उभा

मामा: मी अजून फोटो बघायला पिकासा वापरतो. मस्त चालतं

छोटू: मामा ते २०१६ ला बंद झालंय

मामा: माझं चालू आहे

आबा: मी सकाळपासून वाचतो आहे. माझाही एक प्रश्न आहे. जुन्या फोटोचे स्कॅन मी संगणकावर उघडतो तेव्हा धुके वगैरे काही दिसत नाही, पण बराच वेळ काहीच दिसत नाही. नंतर मात्र लहानमोठे करताना अडत नाही. हा निराळा दोष आहे का?

दादा: आबा दोष नाही तो. तुम्ही ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, पूर्ण ए४ स्कॅन करता आणि टिफ प्रकारच्या फाईलमध्ये ठेवता ना? ते ४९६० बाय ७०१६ होतं, रंगीत असेल तर १०४ एमबीची एकेक फाईल. टिफ तुमच्याकडे घडी न घालता ठेवलेलं आहे त्यामुळे डिस्कवरून अख्खे १०४ एमबी वाचावे लागतात, तोवर तो प्रोग्राम काहीच दाखवत नाही. एकदा सगळं मेमरीत आलं की मग झूमला काय लागतंय. आणि आबा तुमचे ते फोटो ब्लॅक अँड व्हाईट आहेत आणि पोस्टकार्डाएवढे आहेत, मग काचेवर तेवढाच भाग निवडून ग्रे मध्ये स्कॅन केलं तर काम होईल. नुसत्या ग्रेनेच फाईल एक तृतीयांश होते. फक्त एखादा फोटो पिवळट पडलेला असेल आणि तो रंग हवा असेल तर तो रंगीतच राहू द्या

आबा: उत्तम. निवडून स्कॅन करण्याची सोय आहे हे ठाऊक नव्हते.

मामा: पण मला एक सांगा, ताईने त्याच दिवशी ग्रुपवर टाकलेले फोटो मात्र झटकन उघडतात आणि एकदम कडक दिसतात. त्यांचं कसं? मग तेच घ्या की अल्बमला, कशाला ती भानगड

ताई: नको!!

दादा: मामा त्या फोटोवर राइट क्लिक करून साईझ बघ, १६०० बाय १०६७ असेल. ग्रुपवर टाकताना आकसून येतात ते. तुझा मॉनिटर १९२० बाय १०८०. म्हणजे तो फोटो स्क्रीनवर जवळजवळ जसाच्या तसा मावतो, उलगडायला पण काही नाही. म्हणून कडक. आता त्याच्यात चार पट झूम कर आणि मागे उभ्या असलेल्या कुणाचाही चेहरा बघ, चौकोन चौकोन दिसतील नाहीतर मेण वितळल्यासारखं. जो प्रोग्राम पिक्सेल तसेच मोठे करतो तो चौकोन दाखवतो, जो कडा पुसून मोठे करतो तो मेण. पण तपशील दोघांकडेही नाही, नव्हताच फाईलमध्ये

मामा: मेण दिसलं

ताई: दादा आता एक खरं खरं सांग, काकूला सांगायला लाजत होते. मी पण स्क्रीनभर बघूनच ठरवते फोकस बरोबर आहे का ते. आणि प्रिंट काढल्यावर कळतं की डोळे सॉफ्ट आहेत

दादा: सगळेच फसतात तिथे. बघ, ६००० बाय ४००० चा फोटो १०८० उंचीच्या स्क्रीनमध्ये बसवला की तो १६२० बाय १०८० होतो, २७ टक्के झूम. म्हणजे साधारण १४ पिक्सेल मिळून स्क्रीनवरचा एक ठिपका झालाय. एवढं बारीक केल्यावर जरासा हललेला फोटो पण चांगलाच दिसतो. फोकस बघायचा तर १०० टक्क्यांवरच, फोटोचा एक पिक्सेल म्हणजे स्क्रीनचा एक पिक्सेल, आणि तोही सरळ डोळ्यांवर. आणि १०० केल्यावर पण क्षणभर थांब. जेपेगची, म्हणजे कॅमेऱ्याच्या त्या घडी घातलेल्या फाईलची, गंमत अशी आहे की तो ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटीत साठवलेला असतो त्यामुळे प्रोग्रामला हवं तर तो निम्म्या, पाव किंवा एक अष्टमांश साईझलाच उलगडता येतो, खूप वेळ वाचतो. एक अष्टमांश म्हणजे ७५० बाय ५०० फक्त. स्क्रीनभर दाखवायला निम्मा पुरतो, ३००० बाय २०००. मग तू झूम केलंस की त्याला कळतं अरेच्चा आता पूर्ण लागणार, आणि तो पुन्हा पहिल्यापासून उलगडायला घेतो. तेवढा वेळ निम्म्यावालाच ताणून दाखवतो. म्हणजे झूम केल्यावर पुन्हा छोटं धुकं

काकू: म्हणजे दोनदा धुकं

दादा: हो

काकू: मला कुणी सांगितलं का हे आधी? डिलीटचं बटण मात्र पहिल्यापासून चालू

छोटू: काकूचा पॉइंट बरोबर आहे. खाली कोपऱ्यात लोड होतंय एवढं जरी लिहून आलं असतं तरी चाललं असतं

दादा: खरंय. मला तर वाटतं पुसट दाखवायचं असेल तर तोवर डिलीट चालूच नको

ताई: माझ्या लॅपटॉपवर तर १०० टक्के केलं आणि थांबलं तरी सॉफ्टच दिसतं. छोटूच्या कॉम्प्युटरवर तोच फोटो टकटकीत

दादा: तुझ्या लॅपटॉपला डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्केल १५० टक्के आहे का बघ

ताई: हो आहे, अक्षरं बारीक दिसतात म्हणून

दादा: मग तो फोटोचा प्रोग्राम जुना असणार. जुन्या प्रोग्रामला हे स्केल प्रकरण माहीतच नसतं, विंडोज त्याला सांगते की स्क्रीन १२८० बाय ७२० ची आहे, तो बिचारा त्या हिशोबाने काढतो आणि मग विंडोज ते सगळं दीडपट ताणते. तू १०० बघतेयस असं वाटतं पण ते ताणलेलं १०० आहे. नवीन व्हर्जन टाक नाहीतर फोटो निवडायच्या वेळेपुरतं स्केल १०० कर

काकू: अजून एक. मी चाक फिरवून मोठा करायला जाते तर फोटोच बदलतो. नणंदबाईंच्या कॉम्प्युटरवर मोठा होतो

छोटू: सेटिंगमध्ये असतं, चाकाने झूम की चाकाने पुढचा फोटो. बहुतेक ठिकाणी कंट्रोल धरून फिरवलं की झूमच होतो

काकू: आणि मोठा करून एकाचे डोळे बघितले, पुढचा घेतला की परत छोटा. परत मोठा करा, परत तो चेहरा शोधा. त्यातच निम्मा जीव गेला माझा

दादा: हे मात्र महत्त्वाचं आहे, कारण ग्रुप फोटो निवडताना खरं काम हेच असतं, लागोपाठ सहा काढलेले असतात आणि त्यात कुणाचे डोळे मिटलेत ते बघायचं असतं. झूम लॉक करायची सोय असते, जागा पण धरून ठेवते. इरफानव्ह्यूमध्ये झूम लॉक आहे. फास्टस्टोनमध्ये चार फोटोपर्यंत शेजारी शेजारी लावता येतात, एकात झूम केलं की चारही तिथेच झूम होतात, एक सरकवला की चारही सरकतात. दोन्ही विंडोजवर, घरगुती वापराला फुकट. मी रविवारी येऊन टाकून देतो

मामा: ४०० टक्के केलं की माझा कॉम्प्युटर अडकतो. आता म्हणा रॅम

दादा: आता म्हणतो रॅम! काही जुने प्रोग्राम अख्खा फोटोच मोठा करून मेमरीत ठेवतात, दिसणारा भाग फक्त नाही. लांबी चौपट रुंदी चौपट म्हणजे १६ पट पिक्सेल, २४ मेगापिक्सेलचे झाले ३८४, प्रत्येकाला ४ बाईट, दीड जीबी. नीट लिहिलेला प्रोग्राम जेवढं स्क्रीनवर दिसतंय तेवढंच काढतो

मामा: मी पहिल्यापासून रॅम म्हणत होतो. नोंद असू द्या

वहिनी: कार्ड सापडलं. चेनमध्ये नव्हतं, चार्जरच्या पिशवीत होतं

वहिनी: सगळे आहेत. ६१२

काकू: सुटले बाई

ताई: वहिनी कार्डवरून बघू नकोस, आधी लॅपटॉपवर कॉपी कर आणि मला नंबरांची यादी पाठव. काकू तू उरलेल्यांचे नंबर पाठव

काकू: लॅपटॉप चालू करू का मग?

ताई: कर. नुसती यादी. फोटो उघडू नकोस

ताई: आली दोघींची यादी. दादाचं बरोबर निघालं. ११८ ते १३६ सलग गेलेत, २०४ ते २३१ सलग, ४०२ ते ४२९ सलग. बाकी १२ सुटे. पायऱ्यांवरचे म्हणजे ते २०४ वाले

दादा: त्या १२ सुट्यांमध्ये खरंच खराब निघतील बघ काही

ताई: ते आता १०० टक्क्यांवर बघतेय

ताई: ९ खरंच हललेत. माझा हात

काकू: मी म्हटलं होतं

वहिनी: पायऱ्यांवरचे २८ आहेत, मला कुठलाच पुसट दिसत नाहीये. पण २१७ मध्ये मामांचे डोळे मिटलेत आणि २१९ मध्ये आबांचे. २१८ उघडते

वहिनी: पुसट आहे

दादा: थांब

वहिनी: हो थांबलेय

वहिनी: आला. सगळ्यांचे उघडे आहेत