पुरस्कार नको, पहिली ऑर्डर द्या

पिपेट (धागाकर्ती):
तरुण शास्त्रज्ञ-उद्योजकांच्या पुरस्कारांची आपल्याकडे आता वाण नाही. राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत ४५ वर्षांखालच्यांसाठी 'विज्ञान युवा' गट आहे, त्यात तंत्रज्ञान आणि नवोपक्रम हा स्वतंत्र विषय आहे. टाटा ट्रान्सफॉर्मेशन प्राइझ तर प्रत्येकी २ कोटींचं. शिवाय कॉलेजं, नव्या कंपन्यांना जागा-मदत देणारे इन्क्युबेटर, बँका, रोटरी क्लब यांचे वेगळेच.

असाच एक छोटा पुरस्कार मलाही मिळाला होता. पीएचडीतल्या कामावरून आम्ही बोटात सुई न टोचता हिमोग्लोबिन मोजणारं उपकरण केलं होतं. बोटातून प्रकाश सोडायचा, किती शोषला गेला ते मोजायचं. सात मिनिटं, दहा स्लाइड, टाळ्या. फोमबोर्डचा तो भलामोठा चेक रिक्षात मावेना, म्हणून मी शिवाजीनगरपर्यंत चालत आले. आता तो ऑफिसात ओल आलेल्या भिंतीसमोर उभा असतो. तेवढा उपयोग झाला.

महिनाभराने तालुक्याच्या रुग्णालयात गरोदर बायकांची तपासणी होती. मशिनने एकीचं हिमोग्लोबिन १४ दाखवलं. लॅबमध्ये रक्त तपासलं तर ८.२. मी घामाघूम. सिस्टर आल्या, त्या बाईचा हात उलटा करून म्हणाल्या, "मॅडम, मेंदी बघितली का? आमच्याकडं लग्नसराईत निम्म्या बायकांची बोटं अशीच असतात." नखापर्यंत रंगलेली बोटं. एकाही परीक्षकाने मेंदीचं विचारलं नव्हतं, आणि मीही त्यांना दोष देत नाही, माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून माझं ठाम मत: पुरस्कार स्लाइडला मिळतो, वस्तूला नाही. देणाऱ्यांना खरंच काही करायचं असेल तर रोख रक्कम देऊ नका, त्या पैशात ५० नग विकत घ्या आणि एखाद्या जिल्ह्यात वापरा. चुका महिन्याभरात बाहेर येतील आणि पोरांकडे पहिलं बिल असेल.

गोदाकाठ:
असहमत. ताई, तुम्हाला मिळून गेलाय म्हणून चेक ओल लपवायला वाटतो.

मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. कंपनी काढायची म्हटल्यावर आमचे सर म्हणाले, "म्हणजे दुकान टाकणार?" आमच्या सीनियरने काढली. पेटंट संस्थेचं, त्यामुळे ते वापरायला लायसन्स हवं. फाइल चौदा महिने एका टेबलावर. मग तिला पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला, संचालकांचं अभिनंदनाचं पत्र आलं, आणि त्याच आठवड्यात फाइल हलली! रक्कम किती होती ते मला आठवतही नाही. फोटो आठवतो. घरी आईलाही तोच दाखवता येतो. नाहीतर "ती अजून शिकतेच आहे का?" हे दर दिवाळीला ऐकायचं.

खडूस प्राध्यापक:
दोघंही एकाच बाजारात उभे आहात.

कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. माझ्या विद्यार्थ्यांना ती वेळेवर मिळाली तर तोच पुरस्कार. आणि हा 'तरुण' आणि 'उद्योजक'चा हट्ट कशासाठी? एमआरएनएवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ कॅटालिन कारिको यांना अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९९५मध्ये, म्हणजे ऐन चाळिशीत, खालच्या पदावर ढकललं. ज्या शोधावर पुढे कोविडच्या एमआरएनए लशी उभ्या राहिल्या तो ड्र्यू वाइसमनसोबतचा शोधनिबंध २००५चा, नोबेल २०२३चं. चाळिशीत त्यांना यातला कुठला पुरस्कार मिळाला असता? त्यांच्याकडे ना उत्पादन होतं, ना गिऱ्हाईक, ना पद.

चहाबाज:
आणि ज्यांना मिळतात त्यांचं बघा. थेरानोस या अमेरिकी रक्ततपासणी कंपनीच्या एलिझाबेथ होम्सना २०१५मध्ये होरेशिओ अल्जर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी वर्तमानपत्राने मशिनचं पितळ उघडं पाडलं, २०२२मध्ये गुन्हा सिद्ध झाला. तिथेही सगळं बोटावरच होतं, रक्ताच्या थेंबावर. योगायोग हं, पिपेटताई.

पिपेट:
@चहाबाज, टोमणा पोचला. पण आपल्याकडे लबाडी कमी, कच्चेपणा जास्त. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' अनुदान घ्या, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. काम दाखवलं की पुढचा हप्ता. त्यात कच्चेपणा उघडा पडतो. पुरस्कारात पुढचा हप्ताच नसतो.
@खडूस, पटलं, पण तो वेगळा धागा आहे. काढाच.

निवृत्त केमिकल:
रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र रायांनी १८९२ साली ७०० रुपयांवर बेंगॉल केमिकलचे काम सुरू केले. पुरस्कार नव्हता, औषधे घेणारे डॉक्टर शोधावे लागले. अंजी रेड्डी मुंबईच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या कॉलेजात शिकले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) पीएचडी केली, आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीत नोकरी केली आणि मग १९८४ साली डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी काढली. आधी कारखाना पाहिला, मग मालक झाले. आमच्या वेळचे प्राध्यापक आठवड्यातून एकदा ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यात जात. रिॲक्टर का तापतो हे तिथे जमिनीवर उभे राहून कळते, व्यासपीठावर नव्हे. धागाकर्तीशी पूर्ण सहमत. भांडवलाआधी गिऱ्हाईक.

गोदाकाठ:
काका, रायांना प्रेसिडेन्सी कॉलेजात नोकरी होती. माझी फेलोशिप मार्चमध्ये संपते.

निवृत्त केमिकल:
हे मान्य.

भांडारपाल:
वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयाचं भांडार सांभाळतो. "५० नग विकत घ्या" हे वाचून चहा नाकात गेला.

घ्यायचे कसे? वस्तू बनवणारा एकच, तर तुलनेला दर कुठून आणू? ऑडिटवाला विचारणार, एकाकडूनच का घेतलं? 'पोरं हुशार होती' असं उत्तर लिहू? २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली लायसन्स बघावं लागतं. ते असलं तरी मशिन बंद पडल्यावर येणार कोण?

माझ्या भांडारात दोन मशिनं आहेत, जुन्या चादरीखाली. दोन्ही कुठल्या ना कुठल्या पुरस्काराची. एकाचा प्रोब तुटला, सहा महिन्यांत. कंपनीचा फोन लागत नाही. पत्र पाठवलं ते 'पत्ता बदलला' म्हणून परत आलं. निर्लेखन करायला, म्हणजे वहीतून काढून टाकायला, मला तीन सह्या लागतात आणि त्यातले एक साहेब म्हणतात, नवीच तर दिसतात, वापरा! सांगा, कोणाला चिकटवू प्रोब?

तुमचे पुरस्कार द्या हो खुशाल. निदान त्यांचा त्रास मला होत नाही.

पिपेट:
@भांडारपाल, ही बाजू मी खरंच धरली नव्हती. आमचा सर्व्हिस इंजिनियर म्हणजे मीच होते, एसटीने जाणारी. दुसऱ्या वर्षी चार जिल्हे झाले आणि फोन घेणं बंद केलं. लाज वाटते, पण केलं.

मग असं म्हणते: ऑर्डर नाही तर नाही, पुरस्काराच्या रकमेवर अट घाला. तीन वर्षं एका सर्व्हिस इंजिनियरचा पगार त्यातून, आणि रक्कम वर्षावर्षाने.

गोदाकाठ:
म्हणजे शेवटी पुरस्कारच हवा. धाग्याचं नाव बदला.

पिपेट:
नाव तेच राहू दे. फोमबोर्डचा चेक नको एवढं तरी माझं ऐका.

खडूस प्राध्यापक:
सर्व्हिस इंजिनियरला ३७,०००हून जास्त मिळणार असतील तर माझे दोन विद्यार्थी पाठवतो.

भांडारपाल:
ताई, मेंदीचं पुढं काय झालं?

पिपेट:
आता बोटाऐवजी तळहाताच्या कडेवर लावतो, तिथे मेंदी सहसा पोचत नाही. रीडिंग लॅबशी बरंच जुळतंय. अजून ४० बायकांवर बघायचंय. कागदपत्रं हवीत तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

भांडारपाल:
करा. घेणार नाही, नुसतं बघतो.

पिपेट:
केलाय.

भांडारपाल:
बघितलं. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची मुदत मागच्या महिन्यात संपलीय. ते आधी करून घ्या.